कूलामनच्या पोटातले ससे

मी एक जुनी दुरुस्ती-नौका आहे. मित्रांनो, एवढं वाचून पान उलटू नका. मोठमोठ्या तोफांच्या युद्धनौकेचं आत्मवृत्त असतं तर तुम्ही सरसावून बसला असता, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे तोफ म्हणावी अशी एकच होती आणि ती सलामीसाठी उडवली की माझ्याच स्वयंपाकघरातल्या कपबशा फुटायच्या. पण माझ्या पोटात कातकामाचे चार लेथ होते, धातू वितळवून ओतायची भट्टी होती, सुतारांची खोली होती, तांबटांची खोली होती आणि दातांच्या डॉक्टरची एक खुर्चीही होती. त्या खुर्चीला युद्धनौकांवरचे शूरवीर तोफेपेक्षा जास्त घाबरायचे.

माझा जन्म सिडनीच्या बंदरातल्या एका गोदीत झाला. शेजारीच दोन विनाशिका बांधल्या जात होत्या. त्यांना नावं मिळाली थोर सेनापतींची. माझं नाव ठेवलं ‘कूलामन’. कूलामन म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या बायका ज्यातून पाणी, दाणे, कंदमुळं आणि वेळ पडली तर तान्हं मूलही नेतात ती लाकडाची खोलगट परात. बघा, बहिणी झाल्या सेनापती आणि मी परात! नौका पहिल्यांदा पाण्यात सोडताना तिच्या नाकावर दारूची बाटली फोडतात. शेजारणींच्या बाटल्या पहिल्या फटक्यात फुटल्या होत्या. माझी तिसऱ्या फटक्यात फुटली, तीही कुणीतरी हातोडी आणल्यावर. मला फार वाईट वाटलं होतं.

ते दुःख मात्र फार टिकलं नाही. त्या दोघी सेनापती दर दोन महिन्यांनी कुठे ना कुठे मोडून यायच्या आणि मुकाट्याने माझ्या कुशीला बांधून घ्यायच्या. कुणाचं पातं वाकलेलं, कुणाचा पाइप फुटलेला, कुणी धक्क्याला नाक ठोकून घेतलेलं. माझी माणसं हत्यारं घेऊन तिकडे चढायची, मोडलेला भाग काढून माझ्याकडे आणायची आणि तसाच नवा घडवून बसवायची. मलायाच्या किनाऱ्यापासून फिजीपर्यंत मी अशी बाळंतपणं करत हिंडले. वर्तमानपत्रात फोटो छापून यायचे ते त्यांचे. त्यात कोपऱ्यात एक राखाडी भिंत दिसायची, ती मी.

आता तुम्हाला एक गुपित सांगते. नौदलात ‘ससा’ नावाची एक चीज असते. सरकारी धातू घ्यायचा, सरकारी लेथ वापरायचा, सरकारी वेळात बसायचं आणि घरासाठी किंवा मित्रासाठी एखादी वस्तू बनवायची, तिला म्हणायचं ससा. राखदाणी, दिव्याचा खांब, अडकित्ता, दाराचा ठोकळा, काहीही. ससा तयार झाला की तो कोटाखाली लपवून शिडीवरून धक्क्यावर उतरायचं. शिडीशी पहाऱ्यावर असलेला अधिकारी सलाम घ्यायचा, समोर समुद्राकडे बघायचा आणि ओठ न हलवता म्हणायचा, “कान आत घे.” बस्स. त्यापुढे कुणी कुणाला काही विचारायचं नाही. सगळ्या नौकांवर ससे होतात, पण भट्टी आणि चार लेथ असलेल्या नौकेवर किती होत असतील याचा विचार तुम्हीच करा. सिडनीत असं घर विरळं, जिथे माझं पिल्लू नाही.

या सशांचा राजा होता चीफ मर्विन ट्रेगीर. माझ्या कारखान्याचा मुकादम. पोट लेथच्या दांड्याला टेकायचं, बोटं मात्र सोनाराची. चष्मा कपाळावर आणि शोध सगळ्या खोलीत. माणूस इतका भला की कुणी काही मागितलं तर त्याला नाही म्हणताच यायचं नाही आणि त्यातूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

तेव्हा माझ्यावर कॅप्टन आयव्हर लँगट्री होते. उंच, काटक, इस्त्रीची घडी मोडली तर ताप येईल असा माणूस. त्यांना सशांची भयंकर चीड. रोज सकाळी कवायतीत भाषण व्हायचं, “सरकारी खिळा हा सरकारी खिळा आहे!” तरीही माणसांचा त्यांच्यावर जीव होता, कारण वादळात ते स्वतः दोन दिवस सुकाणूच्या खोलीतून हलले नव्हते आणि आपल्या वाटचं सूप खालच्या भट्टीवाल्यांना पाठवत होते. त्यांची बदली झाली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, साहेबांना निरोपाची भेट द्यायची. बागेत ठेवायचं काशाचं सूर्यघड्याळ. अर्थात ट्रेगीरनेच करायचं आणि साहेबांना सांगायचं की जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलं.

नेमकं त्या आठवड्यात चांगलं कांसं संपलेलं. चांगलं कांसं एकाच ठिकाणी होतं. समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी करणारं माझं एक यंत्र आहे. त्याच्या पंपाच्या पोटात पंख्यासारखं एक चाक फिरतं. त्या चाकाचं एक राखीव भावंड कोठारात, तेलकागदात गुंडाळून, मोहोरबंद पेटीत ठेवलेलं होतं. “पहिलंच चाक अजून पंधरा वर्षं हलत नाही,” असं म्हणून ट्रेगीरने राखीव चाक भट्टीत घातलं. मी काय करणार? भट्टी माझीच, पेटीही माझीच. थोडी कुरकुरले, पण जहाजाची कुरकुर कोण मनावर घेतो!

घड्याळ देखणं झालं. भोवती वेलबुट्टी, मधे डौलदार तिरपं पातं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. सगळे खूश झाले. नंतर बारा वर्षं कुणाला काही कळलं नाही.

त्या बारा वर्षांत जग बदललं, मित्रांनो. नव्या नौका आल्या. त्यांच्यात काही मोडलं की कुणी हातोडी मागत नसे. कोट घातलेला एक तरुण विमानाने यायचा, भिंतीतली एक पेटी उपसायचा, तशीच नवी पेटी खुपसायचा आणि जुनी फेकून जायचा. आत काय बिघडलं होतं हे त्यालाही ठाऊक नसायचं. माझ्याकडे कुणी येईना. मग माझी शाळा केली. मग माझं नवशिक्यांचं वसतिगृह केलं. एकदा तर माझ्या ओतशाळेत कुणा बड्या असामीच्या मुलीच्या लग्नाची मेजवानी झाली आणि भट्टीवर केक ठेवला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते हेच.

लँगट्रीसाहेब दरम्यान कमोडोर झाले. कोणती नौका ठेवायची आणि कोणती भंगारात काढायची, हे आता त्यांच्या सहीने ठरायचं. त्यांनी पहिलं परिपत्रक काढलं ते सशांविरुद्ध. पुढे नाताळच्या आधी एका दुपारी ते माझ्यावर आले, हात मागे बांधून सगळीकडे फिरले, भट्टीच्या दारावरून बोट फिरवून धूळ पाहिली आणि उतरले. दोन दिवसांनी कागद आला. चार जानेवारीला जहाजं ओढून नेणारा टग येईल आणि मला तोडायला घेऊन जाईल.

त्या दिवशी ट्रेगीर कारखान्यात एकटाच बसून जुन्या लेथला तेल देत होता. सोमवारीही दिलं होतं. तरी पुन्हा देत होता.

मग नाताळ आला आणि गेला. आमच्याकडे नाताळ म्हणजे भर उन्हाळा. या दिवसांत अख्खा देश समुद्रावर पालथा पडलेला असतो. कारखाने बंद, धातूचे व्यापारी बंद, कचेऱ्या बंद. उघडं काय असतं, तर क्रिकेटचं मैदान आणि मासळीवाला. आणि नेमकं अठ्ठावीस डिसेंबरला टोंगाच्या उत्तरेकडच्या एका लहान बेटावर चक्रीवादळ फिरलं. नऊशे माणसं. छपरं उडाली, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या उलटल्या, विहिरीत समुद्र शिरला. प्यायला पाणी नाही. मदतीला जायचं होतं ते नव्या कोऱ्या नौकेने, पण तिची एक पेटी बिघडली होती आणि नवी पेटी युरोपातून बारा जानेवारीला येणार होती. पेटीवाल्यांचीही सुट्टी होती ना!

कमोडोरांचा फोन आला. फोन घेतला लेफ्टनंट थिओडोरा काव्हालासने. ही माझी इंजिनियर. वडिलांचं सिडनीतल्या मॅरिकव्हिल भागात मासे तळायचं दुकान, त्यामुळे उकळतं तेल आणि चिडलेली माणसं दोन्हींची सवय.

“कूलामन रोज किती गोडं पाणी करू शकते?” कमोडोरांनी विचारलं.

“शंभर टन, सर.”

“एकतीस तारखेला दुपारी बारापर्यंत पाणी करताना दिसली तर तिने निघायचं. नाहीतर टग ठरल्यासारखा येईल.”

मित्रांनो, माझी इंजिनं सुरू झाली तेव्हा मला सोळा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. काव्हालासने पाण्याच्या यंत्राचा पंप सुरू केला. आधी घुर्र झालं, मग खडखड झालं, मग काहीच झालं नाही. पंप उघडला. खाऱ्या पाण्याने चाक बिस्किटासारखं पोखरून टाकलं होतं. तीन पाती जागेवरच नव्हती.

“काही हरकत नाही,” काव्हालास म्हणाली. “कोठारात राखीव आहे. यादीत बघितलंय मी.”

ट्रेगीरच्या कपाळावरचा चष्मा आपोआप नाकावर घसरला.

पेटी आणली. मोहोर तोडली. तेलकागद उलगडला. आत बिटाच्या फोडींचे अकरा डबे होते.

“चीफ, हे काय आहे?”

“बीट, मॅम.”

“ते मला दिसतंय. पंपाच्या चाकाच्या पेटीत का आहे?”

“वजन जुळत होतं, मॅम.”

काव्हालासने एक डबा उचलून त्यावरची तारीख वाचली. मग तो अतिशय हळू खाली ठेवला. “चाक कुठंय?”

ट्रेगीरने खरं ते सगळं सांगितलं. सांगताना तो लेथकडे बघत होता. निवृत्त व्हायला त्याला एक वर्ष उरलं होतं. तीस वर्षांची नोकरी, छातीवर पदकं आणि आता चोरीची कबुली, तीही ज्यांनी परिपत्रक काढलं त्यांच्यासमोर.

“दुसरीकडून कांसं नाही का मिळणार?” काव्हालासने विचारलं.

“सहा जानेवारीपर्यंत सगळे बंद. मी तिघांना फोन केला. दोघं मासे पकडायला गेलेत, तिसऱ्याने उचलला, पण तो शुद्धीवर नव्हता.”

“आणि हे मोडकं चाकच वितळवलं तर?”

“कुजलंय ते, मॅम. पुन्हा ओतलं तर पंपात तासभर टिकणार नाही.”

मी ऐकत होते. जन्मभर दुसऱ्यांची दुखणी काढली आणि स्वतःच्या दुखण्याला औषध नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच पोटात होता.

“चला,” काव्हालास म्हणाली.

“कुठं?”

“कमोडोरांच्या बागेत. तुम्ही बोलायचं. मी गाडी चालवीन.”

“मॅम, त्यापेक्षा मला मगरीसमोर सोडा ना.”

“मगर वाटेत नाही. बसा.”

पुढची हकीकत ऐकीव आहे, कारण मला रस्त्यावर चालता येत नाही. दोघांनी परत आल्यावर ती कारखान्यात सगळ्यांना सांगितली. ट्रेगीरच्या सांगण्याप्रमाणे तो साहेबांसमोर ताठ उभा होता. काव्हालासच्या सांगण्याप्रमाणे तो फुलझाडामागे होता. मला काव्हालासचं खरं वाटतं.

कमोडोर अर्ध्या चड्डीत, गळ्यात फुलाफुलांचा एप्रन बांधून शेगडीवर कोळंबी भाजत होते. त्यांच्या मागे हिरवळीवर, दगडी खांबावर ते सूर्यघड्याळ चमकत होतं. ट्रेगीर एका दमात सगळं ओकला. ससा, पेटी, बीट, सगळं. कोळंबी करपली तरी कमोडोर हलले नाहीत.

“म्हणजे हे दुकानातून आणलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले.

“नाही, सर.”

“तू केलंस.”

“हो, सर. एका इंग्रजी पुस्तकात बघून.”

“तरीच!” कमोडोर असे ओरडले की कोळंबीवर डोळा ठेवून असलेला पक्षी उडाला. “ट्रेगीर, इंग्लंडमध्ये सूर्य दक्षिणेकडून जातो. आपल्याकडे उत्तरेकडून जातो. सावली उलटी फिरते. तू आकडे इंग्लंडचे कोरलेस! बारा वर्षं मी सकाळी आठला कॉफी घेऊन इथे उभा राहतो आणि हे मला सांगतं की दुपारचे चार वाजले!”

ट्रेगीरने घड्याळाकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, पुन्हा घड्याळाकडे बघितलं. “अरे देवा,” तो म्हणाला. “पण सर, मग तुम्ही बोलला का नाहीत?”

कमोडोर थोडा वेळ चिमट्याशी खेळत राहिले. “माझ्या माणसांनी दिलं होतं,” ते म्हणाले. “आणि बारा वाजता ते बरोबर असायचं. पाहुणे आले की मी त्यांना बाराला बागेत आणायचो.”

तेवढ्यात मिसेस लँगट्री कोशिंबिरीचा वाडगा घेऊन बाहेर आल्या. “अरे, मर्विन! किती दिवसांनी! तू दिलेला अडकित्ता अजून मस्त चालतो हं.”

कमोडोरांनी सावकाश मान वळवली. “कोणता अडकित्ता?”

“घरात एकच आहे. आणि दाराचा ठोकळा. आणि मोरीतली कडी.” त्यांनी वाडगा टेबलावर ठेवला. “आयव्हर, तू ज्या शेगडीवर कोळंबी जाळतोयस ना, तीसुद्धा कूलामनचीच आहे.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान! परिपत्रक काढणारा माणूस बारा वर्षं सशांच्या बिळात राहत होता आणि त्याला पत्ता नव्हता. काव्हालास सांगते की कमोडोर आधी लाल झाले, मग पांढरे झाले आणि मग एकदम हसू लागले. त्यांना हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी स्वतः पाना आणून घड्याळ खांबावरून सोडवलं.

“एवढं पुरेल?”

“नाही, सर,” ट्रेगीर म्हणाला. “साच्यात धातू जायच्या वाटा भरायलाही कांसं लागतं. निम्मं तरी आणखी हवं.”

कमोडोर घरात गेले आणि फोनला बसले. शिडीवरच्या जुन्या अधिकाऱ्यांपासून सुरुवात केली, कारण कोण काय घेऊन उतरलं हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. सगळ्यांना एकच निरोप होता. कूलामनवरून गेलेला प्रत्येक काशाचा ससा उद्या सकाळी नऊला परत यायला हवा, कुणालाही काही विचारलं जाणार नाही.

मित्रांनो, तीस डिसेंबरची ती सकाळ मी कधीच विसरणार नाही. धक्क्यावर रांग लागली होती. म्हातारे खलाशी, त्यांच्या बायका, विधवा, गोदीतले निवृत्त कामगार. प्रत्येकाच्या काखेत काहीतरी गुंडाळलेलं. ज्या शिडीवरून ही पिल्लं लपतछपत उतरली त्याच शिडीवरून ती उजळ माथ्याने वर येत होती. काव्हालास शिडीशी उभी राहून प्रत्येकाला सलाम करत होती आणि म्हणत होती, “कान बाहेर काढा, या.”

राखदाण्या आल्या, दिवे आले, कूकाबरा पक्ष्याच्या आकाराचा दाराचा ठोकळा आला. एक पाद्रीबाबा दोन मेणबत्तीदाण्या घेऊन आले.

“मला वाटलं होतं हे चर्चला दान आहे,” ते जरा घुश्शात म्हणाले.

“दानच आहे, फादर,” ट्रेगीर म्हणाला. “फक्त दात्याला माहीत नव्हतं.”

सर्वांत शेवटी गोदीसमोरच्या दारूच्या गुत्त्याचा मालक कॉर्मॅक आला. हातात त्याची प्रसिद्ध घंटा. ती वाजली की शेवटचा पेला मागवायचा आणि घरी जायचं. तिच्याशिवाय गिऱ्हाईक उठणार कसं, या चिंतेने त्याचे डोळे भरले होते. एका आजीबाईंनी मात्र दिवा देण्याआधी एक मिनिट मागितलं. त्यांच्या नवऱ्याने तो माझ्याच लेथवर केला होता. त्यांनी पदराने पुसावा तसा तो रुमालाने पुसला, ट्रेगीरच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “पाणी कर जा त्याचं.” मला तेव्हा रडता आलं असतं तर मी रडले असते.

सुताराने लाकडाचं चाक कोरलं, वाळूत त्याचा ठसा घेतला. भट्टी पेटली. किती वर्षांनी! धुराड्यातून आधी लग्नाच्या केकवरची कागदी फुलं उडाली, मग खरा धूर आला. बारा वर्षं चुकीची वेळ सांगणारं घड्याळ, मेणबत्तीदाण्या, घंटा, दिवा, कूकाबरा, सगळे एका मुशीत एक झाले. दुपारी साचा फोडला. ट्रेगीरने लहान हातोडीने चाकावर टिचकी मारली. स्वच्छ, लांब आवाज आला. एका कोपऱ्यातून कॉर्मॅक सवयीने ओरडला, “शेवटचा पेला!”

एकतीस तारखेला सकाळी पावणेबाराला माझ्या नळातून पहिलं गोडं पाणी आलं. ट्रेगीरने भांडं भरलं, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “पाणी उत्तम आहे,” तो म्हणाला. “घंटेची चव किंचित येते.”

कमोडोर धक्क्यावर उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, हातातलं, आणि सलाम केला. मी निघाले.

बेटावर पोचलो तेव्हा किनाऱ्यावर बादल्या घेतलेली सगळी वस्ती उभी होती. रबरी नळ्या सोडल्या, पाणी दिलं. पहिल्या दिवशी त्यांना पाणी पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मोठ्या बाई मेलेनाइते होडीतून माझ्यापाशी आल्या. अंगाने ट्रेगीरच्या दुप्पट, आवाजाने चौपट. होडीत एक शिवणयंत्र होतं.

“तुमच्याकडे हत्यारं आहेत म्हणे?” त्यांनी खालूनच विचारलं.

“आहेत, बाई,” ट्रेगीर म्हणाला.

“मग असा बघत काय उभा राहिलास? घे वर. आणि मागे रांग आहे.”

खरंच होती. होड्यांची इंजिनं, कंदील, बसचा रेडिएटर, चर्चचं हार्मोनियम, एका मुखियाची कवळी. अकरा दिवस माझे चारही लेथ थांबले नाहीत. कोट घातलेला तरुण आला असता तर त्याने सगळ्या बेटालाच नवी पेटी सुचवली असती. निघायच्या दिवशी मेलेनाइतेबाईंनी भाजलेलं डुक्कर आणि बिछान्याएवढी विणलेली चटई पाठवली. ट्रेगीर संकोचून म्हणाला की आम्ही तर फक्त पाणी द्यायला आलो होतो.

“पाणी तर ढगही देतो,” त्या म्हणाल्या. “माझं शिवणयंत्र ढगाने दुरुस्त केलं असतं का? गप खा.”

मी सिडनीला परतले त्या दुपारी पाय भाजावेत असं ऊन होतं. कमोडोर एकटेच आले. भंगाराचा कागद त्यांनी काव्हालाससमोर चार तुकडे करून खिशात घातला, कारण माझ्या डेकवर कचरा टाकणं त्यांना जमलंच नसतं. मग ते खाली कारखान्यात गेले. ट्रेगीर निलंबनाच्या तयारीने टोपी घालून उभा होता.

“ट्रेगीर, ते मोडकं, कुजलेलं चाक कुठे आहे?”

“नाही, सर,” ट्रेगीर म्हणाला.

“नाही म्हणजे?”

ट्रेगीरने बाकाखालून तेलकागदाचं गाठोडं काढलं. “पंपाला चालणार नव्हतं. पण घड्याळाला कुठं पाणी उपसायचंय? परतीच्या वाटेवर केलं. साच्याच्या वाटांतलं उरलेलंही घातलं. आकडे या वेळी आकाशाकडे बघून कोरलेत, सर.”

कमोडोरांनी गाठोडं उलगडून आकडे वाचले. शिक्षेबद्दल कुणी बोललं नाही. पाच मिनिटांनी ते शिडीपाशी आले. त्या उन्हात त्यांनी हिवाळ्याचा जाड कोट गळ्यापर्यंत लावला होता आणि छातीपाशी तो बराच फुगला होता. काव्हालासने खाडकन सलाम ठोकला, नजर समुद्राकडे वळवली आणि ओठ न हलवता म्हणाली, “कान आत घ्या, सर.”

“आतच आहेत, लेफ्टनंट,” कमोडोर म्हणाले आणि घाम पुसत, ताठ मानेने उतरून गेले.

त्या वेळी मला तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली, पण प्रत्येक वादळाने एकेक वर्ष वाढवत ती अकरा झाली. आता मात्र खरोखर टग येणार आहे. ट्रेगीर गेला, भट्टी थंड आहे आणि माझ्या पोटाचा पत्रा इतका पातळ झालाय की आत बोललेलं माशांना ऐकू जातं. मला राग नाही. माझ्यासारख्या नौकेची आता गरज नाही असं म्हणतात, तसंही असेल. मला एवढंच सांगायचंय, मित्रांनो. एखादी वस्तू मोडली की ती टाकायच्या आधी एकदा उघडून बघा. आत काय बिघडलंय हे निदान विचारा. कधी चाक निघेल, कधी बीट निघेल, पण बघा.

आणि मला तोडतील त्या दिवशी तुम्ही धक्क्यावर असाल, तर एखादा तुकडा उचला. त्याचं काहीतरी करा. दाराला कडी करा, दिव्याला खांब करा, कुणाला तरी प्यायला पाणी मिळेल असं काही जमलं तर फारच छान. परवानगी मागत बसू नका, मी देऊन ठेवली आहे. फक्त जाताना कान तेवढे आत घ्या.